तीन नंबरचा चर

मंतरवाडी फाट्यावरून आत वळलं की
आधी घारी दिसतात, मग डोंगर.
डोंगर ही आपली म्हणायची सवय.
नकाशात तो सेल क्रमांक दोन, बंद केलेला :
वर दीड फूट माती, मातीखाली काळा जाड कागद,
कागदाखाली शहराचा कितीतरी वर्षांचा
ओला आणि सुका संसार, न निवडलेला.

परतीच्या पावसानं एका रात्रीत
तीन नंबरच्या चराचा तळ खरवडून काढला.
सकाळी गमबूट घालून उतरले
तर काँक्रीट चहात बुडवलेल्या खारीसारखं,
आणि फटीतून वर आलेलं
दुधाच्या पिशवीचं निळं,
कॅसेटची फीत वाऱ्यावर लकाकत,
एका लग्नपत्रिकेचं वेष्टन. गणपती शाबूत,
नावं गेलेली.

गणित पुन्हा केलं, टेम्पोच्या बॉनेटवर.
पाणलोट, उतार, सेकंदाला साडेतीन मीटर.
गणित बरोबर होतं.
चर गुळगुळीत होता, पाणी खूश होतं,
इतकंच.

तिमण्णा धोत्रे कडेला उकिडवा बसून
तंबाखू मळत होता.
"बाई, ह्यो डोंगर अजून बसतोय.
बसणाऱ्याच्या बुडाखाली काच ठिवत्यात का?"

मी म्हटलं, मग काय ठेवतात?

त्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी
वाघोलीच्या खाणीतून डंपर आणला.

आधी पांढरं कापड अंथरलं, जाडसर,
पाहुण्यांसाठी अंथरतात तसं, कोपरे ओढून.
पाणी झिरपेल, माती निसटणार नाही.
त्यावर खडी. खडीवर काळा दगड,
एकेक चाळीस किलोचा,
टोक वर, बूड खाली, शेजाऱ्याला खांदा लावून.
नागम्मा फटींत कपऱ्या ठोकत गेली.
हातोड्याचा आवाज तिला सांगायचा
कुठला बसला, कुठला नुसता टेकलाय.
शेवटी पायथ्याला
तारेच्या जाळीत दगड भरून तीन पेट्या.

दुपारी डबा खाताना सहज हिशोब आला :
बाबा गेले ते दोन हजार नऊ.
फुलं नदीत सोडली.
औषधं, मफलर, कवळीची डबी
आईनं आठवड्याच्या आत घंटागाडीत दिली.
नऊ साल म्हणजे सेल दोन.
दक्षिणेचा उतार असेल तर
मी त्यांच्यावरच बसून शेपूची भाजी खातेय.
कुणाला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मग पुन्हा एकदा ढग भरून आले,
दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी.
छत्री उलटली, मी तशीच उभी.
पाणी वरून आलं ते तोंड वर करून,
पहिल्या दगडाला ठेच, शिवी दिल्यासारखा फेस,
दुसऱ्याला वळसा, तिसऱ्याशी भांडण,
चर अर्धा उतरेपर्यंत
त्याला आपण कशासाठी धावत होतो ते आठवेना.
पेट्यांतून बाहेर पडलं तेव्हा
तळ्यात शिरताना त्याचा आवाजही आला नाही.

मातीचा रंग जरासा होता. जरासाच.

सकाळी पाहिलं, मधला एक दगड
चार बोटं खाली गेलेला.
माझ्या पोटात गोळा.
तिमण्णा हसला, पहिल्यांदाच.
"त्याला कळलं कुठं बसायचं ते. राहू द्या."
वाकून पाहिलं तर शेजारचे दोघे
त्याच्या बाजूनं कललेले, फट कुठंच नाही.

मोजमाप पुस्तकात लिहिलं :
दगडी पिचिंग, जाडी तीनशे मिलिमीटर,
एकशे बेचाळीस चौरस मीटर.
शेरा : एक दगड खाली बसला आहे.
दुरुस्तीची गरज नाही.

साहेबांनी शेऱ्यावर
लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढून
वही परत पाठवली आहे.